लिक्विड माल्ट की माल्ट पावडर? दोन्ही वर्षभर वापरून झाल्यावर लिहितेय

आधी निकाल सांगते म्हणजे घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. ब्रेडसाठी लिक्विड, बाकी सगळ्यासाठी पावडर, आणि एक नसेल म्हणून दुसरं घालायचं असेल तर तेवढ्याच वजनाने अजिबात घालू नका. आता सविस्तर, कारण हे माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या बार्लीचा गोड अर्क) नाशिकमध्ये वापरणारे आम्ही थोडेच लोक आहोत आणि मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

मी इंदिरानगरला राहते, घरूनच ब्रेड आणि बेगल (मध्ये भोक असलेला गोल पाव, आधी पाण्यात उकळून मग भाजतात) करून देते, शनिवारच्या ऑर्डर असतात. बेगलला माल्ट लागतंच, पिठातही आणि उकळायच्या पाण्यातही, त्याशिवाय तो रंग आणि ती चव येत नाही, साखर घालून बघितली, मध घालून बघितला, नाही येत. सुरुवातीला मी रविवार कारंजा, मेन रोड सगळं पालथं घातलं. बेकरीचं सामान मिळतं तिथे विचारलं तर कोणी ब्रेड इम्प्रूव्हर काढतंय, कोणी इसेन्सची बाटली काढतंय, एका काकांनी तर अगदी मनापासून नाचणी माल्टचं पाकीट काढून दिलं. त्यांचं चुकलं नाही, नाव तेच आहे. पण नाचणी माल्ट म्हणजे मोड आणून वाळवून भाजून केलेलं पीठ. हे जे एक्स्ट्रॅक्ट आहे त्यात पीठ नसतंच. सातू, म्हणजे बार्ली, तिला मोड आणतात, वाळवतात, भरडतात आणि साधारण ६५ डिग्रीच्या गरम पाण्यात भिजत ठेवतात, तेव्हा मोडातले एन्झाइम धान्यातल्या स्टार्चची साखर करतात, मुख्यतः माल्टोज. मग चोथा गाळून टाकायचा आणि ते गोड पाणी आटवायचं. काकवीसारखं घट्ट होईपर्यंत आटवलं की लिक्विड माल्ट, आणि पुढे जाऊन गरम हवेत फवारून वाळवलं की पावडर. दूध, आटवलेलं दूध आणि दूध पावडर, तसंच समजा. सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण लिक्विडमध्ये पाचवा हिस्सा पाणी असतं आणि पावडरमध्ये जेमतेम तीन-चार टक्के.

दोन्ही मी ऑनलाइनच मागवले. लिक्विडची एक किलोची बरणी ४४० ला पडली आणि पावडरचं एक किलोचं पाकीट ७०० ला. बघताना लिक्विड खूपच स्वस्त वाटतं. थांबा, त्या हिशोबावर परत येते.

माझ्याकडे बेगलची रेसिपी पावडरवर बसवलेली होती, तीन किलो मैद्याला १२० ग्रॅम. पावडर संपली, बरणी होती, म्हटलं काय फरक पडतोय, १२० ग्रॅम लिक्विड घातलं. बेगलचं पीठ घट्ट लागतं, ते मळतानाच जरा सैल लागलं हाताला, मला वाटलं पाणी जास्त पडलं माझ्याकडून. भाजून निघाले तर रंग फिका. चव वाईट नव्हती पण नेहमी घेणाऱ्या एका ताईंनी लगेच विचारलं, आज काही वेगळं केलंत का. त्यांना कळलं म्हणजे फरक होताच.

आणि योगायोग बघा, त्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावाने अगदी उलटी चूक केली. तो मँचेस्टरला असतो, तिथे घरी बिअर करतो. तिकडे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला लायसन्स लागत नाही, फक्त विकायची नाही. इथे आपल्याकडे तसं नाही, महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा त्याचं वाचून कोणी इथे बादली लावू नका हे स्पष्ट सांगते. तर त्याच्या रेसिपीत २३ लिटरला तीन किलो लिक्विड माल्ट होतं, दीड किलोचे दोन डबे. दुकानात डबे संपलेले, फक्त पावडर होती, म्हणून याने तीन किलो पावडर ओतली. हायड्रोमीटर, म्हणजे द्रव पाण्याच्या किती पट जड आहे ते तरंगून दाखवणारा मीटर, बुडवला तर यायला हवं होतं १.०३९ च्या आसपास आणि आलं १.०४८. मला फोन, ताई मीटर बिघडलाय का बघ ना. मी कशी बघणार मीटर नाशिकमधून! पण मीटर बरोबरच होता. माल्ट जास्त पडलं होतं, बस. त्याची बिअर पावणेचार टक्क्यांची व्हायची ती पावणेपाचच्या जवळ गेली, आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) मात्र जुन्याच मापाचे राहिले, म्हणून कडवटपणा कमी आणि गोडसर, जड. त्याच्या मित्रांना आवडली म्हणे. आवडू दे, पण जी करायला घेतली होती ती झाली नाही ना.

तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट मोजायचं. नेटवर कोणी लिक्विडला ०.८ ने गुणा म्हणतं, कोणी ०.८४ म्हणतं, कोणी पावडरला १.२ ने गुणा, कोणी १.२५ ने. हे सगळेच बरोबर असतात कारण प्रत्येकाच्या डब्यात पाणी थोडं वेगळं असतं. मला माझ्या बरणीचं हवं होतं.

आणि इथे नाशिकचं असण्याचा फायदा झाला. माझ्या मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे आणि द्राक्षवाल्या प्रत्येक घरात ब्रिक्स मीटर असतंच. मणी दाबून एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून बघायचं, निळ्या-पांढऱ्या रेषेवर आकडा दिसतो, ती गोडी, टक्क्यांत. अठराच्या पुढे गेल्याशिवाय मामा माल तोडू देत नाहीत. मी फोन करून म्हटलं, मामा मीटर द्या ना थोडे दिवस. ते म्हणाले, "पोरी, ब्रेडमध्ये द्राक्ष घालती काय?" मग सगळं सांगितलं तर त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त उत्सुकता, स्वतः मीटर घेऊन आले आणि ओट्याशी उभं राहून बघितलं.

मीटर ३२ पर्यंतच दाखवतं, त्यामुळे लिक्विड तसंच टाकून काही दिसत नाही, पातळ करावं लागतं. २० ग्रॅम लिक्विड, १८० ग्रॅम पाणी, वजन काट्यावर, कपाने नाही. नीट विरघळवलं, गार होऊ दिलं, थेंब टाकला. ७.८ आलं. मग तसंच २० ग्रॅम ताजी पावडर आणि १८० ग्रॅम पाणी, ९.६ आलं. दहापट पातळ केलंय म्हणजे लिक्विडमध्ये ७८ टक्के माल्ट आणि पावडरमध्ये ९६. भागाकार केला, ०.८१. म्हणजे माझ्याकडचं एक किलो लिक्विड बरोबर ८१० ग्रॅम पावडर, आणि उलट एक किलो पावडर बरोबर सव्वा किलोला थोडं कमी लिक्विड. हे मीटर साखरेच्या पाण्यावर बसवलेलं असतं, त्यामुळे माल्टला बारीक फरक पडेल, पण दोन्हींना सारखाच पडणार आणि आपल्याला तुलनाच करायचीय. मामा म्हणाले, "मग लिक्विडवाला पाणी विकतोय म्हण की." विकत नाहीये तसं, पण हिशोब करायला हवा एवढं खरं.

आता तो हिशोब. ४४० ला किलो लिक्विड, त्यात ७८० ग्रॅम माल्ट, म्हणजे नुसत्या माल्टचा भाव ५६४ रुपये किलो. ७०० ची पावडर, ९६० ग्रॅम, म्हणजे ७२९. लिक्विड अजूनही स्वस्तच, पण २६० रुपयांचा फरक दिसत होता तो १६५ वर आला. आणि काचेची बरणी असेल तर कुरिअरचे पैसे जास्त लागतात ते वेगळेच.

भावाला उत्तर लगेच मिळालं. तीन किलो गुणिले ०.८१ म्हणजे दोन किलो ४३०. तिकडे पावडर अर्ध्या किलोच्या पाकिटात होती, त्याला म्हटलं पाच पाकिटं घे आणि पाचव्यातलं थोडं मागे ठेव. त्याला अजून एक प्रश्न होता, की मग कमी झालेलं पाणी वरून घालायचं का. बिअरमध्ये याचा विचारच करावा लागत नाही, कारण शेवटी बादली २३ लिटरच्या खुणेपर्यंत पाण्याने भरायचीच असते, ते आपोआप भरून निघतं. ब्रेडमध्ये मात्र ते पाणी मोजावंच लागतं. आता मी १२० ग्रॅम पावडरच्या जागी १५० ग्रॅम लिक्विड घालते आणि पाणी ३० ग्रॅम कमी करते, पीठ अगदी पहिल्यासारखं येतं. पुढच्या वेळी भावाचं रीडिंग १.०३९ आलं. त्याच बादलीत आधी १.०३१ का काहीतरी आलेलं म्हणून घाबरला होता, पण त्याने वरून पाणी ओतून ढवळलंच नव्हतं, घट्ट माल्ट खाली बसलेलं आणि वरचं पातळ पाणी मीटरच्या नळीत. दोन मिनिटं जोरात ढवळ म्हटलं आणि २० डिग्रीपर्यंत गार झाल्यावर बघ, गरम असताना मीटर कमीच दाखवतो.

वजनाचं जमलं की लोकांना वाटतं झालं. झालं नाही. लाइट, अँबर, डार्क असे प्रकार असतात, लाइटच्या जागी लाइटच घ्यायचं. गव्हाचं म्हणून मिळतं त्यात बहुतेक वेळा गहू आणि बार्ली दोन्ही असतात, ते बार्लीच्या जागी घातलं तर चव बदलणार. आणि भावासारखे तिकडे बिअर करणारे कोणी वाचत असाल तर, काही डब्यांमध्ये हॉप्सचा कडवटपणा आधीच घातलेला असतो, त्याच्या जागी साधी पावडर घातली तर कडवटपणा येणार कुठून, तो वेगळा घालावा लागतो. हे डब्यावर बारीक अक्षरात असतं, वाचा. ब्रेडवाल्यांसाठी वेगळी सूचना, डायस्टॅटिक लिहिलेलं माल्ट म्हणजे ज्यातले एन्झाइम जिवंत आहेत ते. ते चमचाभरच घालायचं असतं, या साध्या माल्टच्या मापाने घातलं तर ब्रेड आतून चिकट होतो, कच्चा राहिल्यासारखा. मी सांगतेय ती दोन्ही साधी, नॉन-डायस्टॅटिक.

हाताळायला दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. पावडर उकळत्या पाण्यात टाकलीत तर गेलं काम, वाफ लागली की गाठी होतात आणि चमच्याला, हाताला, पातेल्याच्या कडेला डिंकासारखी चिकटते. पिठलं करताना बेसन आधी गार पाण्यात कालवतो ना, तसंच करायचं. गार पाण्यात पावडर टाका, फेटा, मग गॅस लावा. उकळी फुटताना समोरून हलू नका, दुधासारखं भसकन उतू जातं आणि शेगडीवर सांडलेलं माल्ट घासताना जीव जातो. लिक्विडचं उलटं, ते जड असतं, टाकलं की सरळ तळाशी जाऊन बसतं आणि खाली गॅस चालू असेल तर करपतं, मग सगळ्या पातेल्याला जळका वास. गॅस बंद करा, लिक्विड घाला, तळापासून ढवळून पूर्ण विरघळलं की परत लावा. बरणीला, चमच्याला चिकटून राहतं म्हणून मी बरणी आधी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवते, आणि भांडं काट्यावर ठेवून त्यातच ओतते. कपाचं माप इथे फसवं आहे. एक किलो लिक्विड जेमतेम ७०० मिली भरतं आणि पावडर एवढी हलकी असते की कप ठोकून भरला की वेगळं वजन, अलगद भरला की वेगळं.

आता तक्रार. लिक्विडची माझी दुसरी बरणी मे महिन्यात आली. नाव लिहीत नाही, पण विकणाऱ्याने पॅकिंगच्या तारखेवर स्वतःचं स्टिकर चिकटवलेलं होतं. मी नखाने काढलं तर खाली तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. उघडली तर पहिल्या बरणीतलं मधासारखं सोनेरी होतं आणि हे थेट काळपट काकवी. लिक्विड माल्ट पडून राहिलं, त्यातून उन्हाळ्यात, की आतल्या साखरेची आणि प्रोटीनची हळूहळू प्रक्रिया होत राहते आणि रंग गडद होत जातो, चवही जुनाट लागते, जरा शाईसारखी. बिअरवाले याला ट्वँग म्हणतात आणि बिचारे स्वतःच्या हाताला दोष देत बसतात, बऱ्याचदा दोष शिळ्या डब्याचा असतो. माझी बरणी कुठल्या तरी गोडाऊनमध्ये आणि टेम्पोत मे महिन्याच्या उन्हात किती दिवस होती कोण जाणे. मी फोटो पाठवले, चार दिवस उत्तर नाही, मग म्हणाले रंग बॅचप्रमाणे बदलतो. तारखेबद्दल अवाक्षर नाही. पैसे शेवटी परत मिळाले पण तीन आठवड्यांनी, आणि त्या शनिवारच्या ऑर्डरला मला माल्टशिवाय ब्रेड द्यावे लागले, ते मला खूप लागलं. तेव्हापासून लिक्विड मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मागवते, आल्या आल्या तारीख बघते आणि उघडलं की फ्रिजमध्ये. बाहेर ठेवलं तर वरच्या थरावर बुरशी येते, एकदा आलीय.

पावडर याबाबतीत गुणी, चवीला महिनोन् महिने तशीच राहते. पण जुलैमध्ये तिनेही मला रडवलं. पाकीट रबरबँड लावून डब्यात ठेवलेलं, डब्याचं झाकण काही फार घट्ट नव्हतं, आणि त्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, गोदावरीला पूर, घरात कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते. पाकीट काढलं तर दगड. खरोखर दगड, बत्त्याने फोडावा लागला. फेकणार होते, मग म्हटलं मीटर आहेच, मोजून तर बघू. त्याच मापाने ९.० आलं. म्हणजे हवेतलं पाणी पिऊन बसली होती, बाकी काही बिघडलेलं नव्हतं, वासही चांगला. तुकडे रात्रभर गार पाण्यात भिजवून वापरले आणि वजन थोडं वाढवलं, १२० च्या जागी १२८ ग्रॅम. छान झाले बेगल. आता पावडर आली की लगेच शंभर-शंभर ग्रॅमच्या छोट्या झिपलॉक पिशव्या करते, हवा दाबून काढते आणि सगळ्या एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. एका वेळी एकच पिशवी उघडायची.

शंभर ग्रॅमच्याच का, तर आमच्या घरी माल्ट सोडा होतो आणि त्याला ते माप बसतं. यात यीस्ट नाही, आंबवणं नाही, दारू नाही, लहान मुलंही पितात. ८०० ग्रॅम पाण्यात दोन पिशव्या म्हणजे २०० ग्रॅम पावडर, आलं ठेचून, गवती चहाची दोन पानं, दहा मिनिटं उकळायचं, गाळायचं, गार करून फ्रिजमध्ये. प्यायच्या वेळी निम्मं हे आणि निम्मा गार सोडा, वरून लिंबू. लिक्विडने करायचं तर २४५ ग्रॅम लिक्विड आणि ७५५ पाणी, गोडी तीच येते, रंग जरा गडद. आमच्या सासूबाईंना लिक्विडचा आवडतो, त्यांना त्यात गुऱ्हाळातल्या काकवीची चव लागते म्हणतात. मला पावडरचा, हलका आणि स्वच्छ लागतो. दोन दिवसांत संपवायचा आणि फ्रिजमध्येच ठेवायचा, एप्रिलच्या गरमीत बाहेर राहिला तर आपोआप आंबायला लागतो आणि काचेच्या बंद बाटलीत आंबला तर बाटली फुटू शकते. शुगर असलेल्यांनी लांब राहा, ही साखरच आहे, फक्त धान्यातली. ग्लुटेनचा त्रास असेल तर दोन्ही बंद, बार्लीत ग्लुटेन असतं.

तर रेटिंग म्हणाल तर पावडरला पाचपैकी साडेचार, अर्धा पावसाळ्यासाठी कापला. लिक्विडला साडेतीन, ताजं असेल तर. ताजं लिक्विड ब्रेडमध्ये जे करतं, तो जो ओलसर मऊपणा तिसऱ्या दिवशीही टिकतो आणि कवचाला तांबूस चमक येते, ते पावडरने मला तेवढं कधी जमलेलं नाही, म्हणून ते मी सोडणार नाही. पण महिन्यातून एकदा काहीतरी करणाऱ्यांनी किलोची बरणी घेऊच नये, अर्धी वाया जाईल. त्यांनी पावडरच घ्या.

मामांचं मीटर अजून माझ्याकडेच आहे, जानेवारीत तोडणी सुरू व्हायच्या आत परत द्यायचंय. तोवर नवीन बरणी येतेय या आठवड्यात, ती आली की आधी २० ग्रॅम काढून मोजणार आणि जो आकडा येईल तो मार्करने झाकणावर लिहिणार, ०.८१ येतंय का दुसरंच काही.